दारू सोडणाऱ्यांच्या बैठका : तापीकाठची शंभर वर्षे

श्रावण लागला की आपल्या नवागामात कितीतरी जण बाटलीला हात लावत नाहीत. आषाढाच्या शेवटी गटारीच्या निमित्ताने जे काय व्हायचे ते होते, आणि मग सोमवार, शनिवार, पोळा, गणपती असे करत अनंत चतुर्दशीपर्यंत गडी कोरडा राहतो. हा मोजून दीड महिना झाला. एवढ्या दिवसांत ना कोणी औषध देते, ना कोणी पहारा ठेवते. मात्र विसर्जनाची मिरवणूक निघाली की काहींचा संयम बाप्पांच्या आधीच पाण्यात जातो, उरलेल्यांचा दुसऱ्या दिवशी. मंडळात वीसेक वर्षे वर्गणीच्या पावत्या फाडताना आम्ही हे पाहत आलो आहोत. सोडणे आपल्या माणसाला येते. शपथ, माळ, नवस, देवाचा महिना अशी सोडण्याची साधने आपल्याकडे भरपूर आहेत. अडते ते सोडून राहण्यात, म्हणजे सण संपल्यानंतरच्या मंगळवारी.

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले. आम्ही डिप्लोमावाले, सरकारी नोकर, इतिहासकार नव्हे. सुरतेचा इतिहास म्हटला की १६६४ ची स्वारी येते आणि ती दर दोन-तीन वर्षांनी येथे छापून येतेच. म्हणून यंदा वेगळा विषय घेतला आहे. आपले वाडवडील ज्या तापी व्हॅली रेल्वेने खान्देशातून सुरतेला आले, त्या रुळांच्या दोन्ही अंगांना गेल्या शंभर वर्षांत दारू सोडण्यासाठी माणसे एकत्र बसल्याच्या मोठ्या घटना घडल्या. त्या आपल्या घरांत फारशा कोणाला ठाऊक नाहीत. आजकाल 'बसायचं का?' या प्रश्नाचा अर्थ एकच राहिला आहे. पूर्वी याच भागात लोक सोडण्यासाठीही बसत.

सुरुवात सरकारी कागदाने होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क गावाकडून काढून घेतला आणि मक्तेदारांच्या हाती दिला. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला. तोपर्यंत डांग, मांडवी, वालोड, सोनगड, नवापूर या पट्ट्यातला आदिवासी मोहाची दारू घरी गाळत असे. देवाला, लग्नाला, मयताला ती लागे. नव्या कायद्यानंतर तीच दारू त्याला दुकानातून विकत घ्यावी लागू लागली. दुकानदार उधारीवर देई, उधारी वाढे आणि मग जमीन जाई. सुरत जिल्ह्यात दारूचे मक्तेदार आणि जमीनदार पुष्कळदा एकच असत आणि त्यांत पारशी घराणी बरीच होती. (येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. १९३९ मध्ये मुंबई शहरात पहिली दारूबंदी आणणारे मंत्री डॉ. गिल्डर हेही पारशीच होते. त्यामुळे दोष जातीवर टाकण्यात अर्थ नाही.)

१९२२ च्या पावसाळ्यानंतर पूर्वेच्या डोंगरांकडून सुरत जिल्ह्यात एक बातमी आली : देवी येत आहे. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत देवीच्या रोगाच्या भीतीपोटी सुरू झालेली ही पूजा डोंगर चढून नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात आणि डांगात गेली आणि तेथून गुजरातच्या सपाटीवर उतरली. येता येता तिचे रूप पालटले. सलाबाई नावाची ही देवी माणसांच्या अंगात येई आणि आज्ञा देई : दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, दारूवाल्या मालकांकडे कामाला जाऊ नका. मोकळ्या जागी मांडव घालत, आसपासच्या गावांतले लोक तेथे जमत आणि दिवसचे दिवस बसून राहत. एका गावचे आटोपले की देवी पुढच्या गावाला जाई. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत सुरत जिल्ह्याचा बहुतेक आदिवासी मुलूख तिने व्यापला. ताडीची दुकाने ओस पडली. इंग्रज इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर एक मोठा ग्रंथच लिहिला आहे.

पुढे काय झाले ते आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. देवी पुढे गेली आणि मांडव मोडला. काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत, अनेक गावे परत प्यायला लागली. ज्यांनी व्रत टिकवले त्यांना वरजेला म्हणत आणि जे माघारी फिरले त्यांना सरजेला. एकाच घरात दोन भाऊ दोन बाजूंना गेल्याचीही उदाहरणे आहेत. व्रत टिकले ते मुख्यतः जेथे नंतरही लोक एकत्र येत राहिले तेथे. गांधीजींच्या मार्गाने जाणारे कार्यकर्ते या भागात आले, चरखे आले, भजनमंडळ्या निघाल्या, वेडछीला आश्रम झाला आणि जुगतराम दवे यांच्यासारखा माणूस तेथे आयुष्यभर राहिला. ज्या गावांत असे काही उरले नाही, तेथे देवीचा आदेश आणि आपला श्रावण यांची गत सारखीच झाली.

दुसरी घटना तर आपल्याच मुलखातली, तळोद्याजवळची. तिथल्या मोरवड गावचे गुलाम महाराज हे भिल्ल समाजातले. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनी आरती सुरू केली. आजचा नंदुरबार जिल्हा म्हणजे तेव्हाचा पश्चिम खान्देश. त्या काळी कुठलाही फलक नसताना, गाडी-मोटार नसताना माणसे रानवाटांनी चालत येत आणि ठरावीक वारी आरतीला हजारोंनी जमत. दारू सोडायची, स्वच्छ राहायचे, भांडण करायचे नाही, असे साधे नियम होते. त्यांतला एक आम्हाला फार मोलाचा वाटतो. आरतीला येणाऱ्या प्रत्येकाने प्रत्येकाला 'आप' म्हणायचे. ज्या माणसाला सावकार, शिपाई, दुकानदार सगळे 'अरे ए' म्हणून हाकारत, त्याला शेजारचा माणूस 'आप' म्हणू लागला. पुढे या पंथाचे नावच आप पडले. गुलाम महाराज १९३८ मध्ये वारले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले आणि सरकारने त्यांना त्रासही पुष्कळ दिला. तरी आजही त्या बाजूच्या गावांत दारू न शिवणारी आपपंथी घरे आहेत. देवी एकदा येऊन गेली होती, आरती पुन्हा पुन्हा होत राहिली. आमच्या मते फरक तेथे पडला.

तिसरी घटना शहाद्याची. १९७२ मध्ये तेथे श्रमिक संघटना उभी राहिली. मूळ प्रश्न जमिनीचा आणि मजुरीचा होता, पण शिबिरांत बायका बोलू लागल्या तेव्हा पहिला विषय निघाला तो दारूचा आणि माराचा. मग बायकांचे जथे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाऊन भट्टीची मडकी फोडू लागले. मारकुट्या नवऱ्यांनाही प्रसाद मिळाला. याविषयी जास्त लिहीत नाही, कारण आपल्या मंडळाच्या महिला विभागात ही गोष्ट ऐकून वाढलेल्या मावश्या आहेत आणि त्या ती आमच्यापेक्षा चांगली सांगतात.

बाकी, पिणाऱ्याला सुधारण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात थोडे झालेले नाहीत. वारकऱ्याची माळ आहेच. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आपल्या मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून बाबांनी गोडाचे जेवण घातले, असे चरित्रकार सांगतात. लोकमान्यांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग करवले. ज्यांचा उत्सव आपण साजरा करतो त्यांची ही बाजू मिरवणुकीच्या दिवशी आठवली तर बरे होईल.

यानंतर कायदा आला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पुढच्याच वर्षी सगळ्या मुंबई राज्यात बंदी झाली. १ मे १९६० ला दोन राज्ये झाली. महाराष्ट्राने बंदी हळूहळू सैल केली, परवाने दिले. गुजरातने ती गांधीजींची भूमी म्हणून कायम ठेवली. आम्ही याच सरकारचे मीठ खातो, तेव्हा कायद्यावर टीका करण्याचा हेतू नाही. बंदीमुळे चौकाचौकांत दुकान नाही, बायकामुलींना रात्री रस्त्याने निर्धास्त येता येते, हे आपण गावी गेलो की जाणवते. पण बंदीची एक बाजू घरातल्या माणसालाच दिसते. येथे पिणे हाच गुन्हा. त्यामुळे ज्याला दारूचा आजार जडला त्याला प्रथम लपावे लागते. बायको शेजारणीला सांगते, 'यांना पित्त झालंय.' डॉक्टरांपुढे माणूस खोटे बोलतो. कारखान्यात पाळी चुकली तर ताप आला म्हणतो. पोटलीतली दारू कशाची केलेली आहे हे कोणालाच ठाऊक नसते. अहमदाबादेत जुलै २००९ मध्ये आणि बोटाद भागात जुलै २०२२ मध्ये विषारी दारूने किती घरे बसली ते आपण वर्तमानपत्रात वाचले. जे एकेकटे लिव्हर फुटून जातात त्यांची बातमी होत नाही. आपल्या भागात तिशी-पस्तिशीतल्या विधवा किती आहेत हे मंडळाच्या हळदीकुंकवाच्या यादीवरून कोणीही मोजावे. आता त्यांनाही हळदीकुंकवाला बोलवायचे असे महिला विभागाने ठरवले, ही चांगली गोष्ट झाली. पण आकडा त्यामुळेच आमच्या डोळ्यांपुढे आला.

देवीच्या चळवळीनंतर तेरा वर्षांनी अमेरिकेत एक गोष्ट घडली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी ॲक्रन या गावी आला होता. काम फसले. पाच-सहा महिन्यांपूर्वी मोठ्या कष्टाने सोडलेली दारू हॉटेलच्या बारमधून त्याला बोलावू लागली. त्याने बारकडे न जाता टेलिफोन उचलला आणि गावातल्या चर्चच्या पाद्रीबुवांना फोन लावायला सुरुवात केली. मागणी विचित्र होती : मला तुमच्या गावातला एखादा दारुडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचे आहे. फोनावर फोन करता करता गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. डॉक्टर 'पंधरा मिनिटे देतो' म्हणून आले आणि कित्येक तास बसले. उपदेश त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. या वेळी समोरचा माणूस स्वतःची गत सांगत होता. १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला आणि तो दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, या संस्थेचा जन्मदिवस मानला जातो. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये मुंबईत रुजली. आज मराठीतही तिच्या सभा होतात.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला हातभार होता. आपल्यापैकी काही घरांतून माणसे तेथे जाऊन आलेली आहेत, म्हणून तेथील उपचारांचे वर्णन करत नाही. मुक्तांगणने केंद्रातल्या दिवसांइतकाच भर नंतरच्या पाठपुराव्यावर दिला. ठिकठिकाणी त्यांच्या पाठपुराव्याच्या बैठका होतात आणि बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. पुण्याहून बरा होऊन आलेला माणूस नवागामात उतरतो तेव्हा त्याच्यापुढे तोच अड्डा, तेच मित्र आणि तीच बारा तासांची पाळी असते. त्याला आठवड्यातून एकदा बसायला जागा कोठे?

आमच्या गल्लीतल्या एका दादांनी ती जागा कशी शोधली ते त्यांच्या परवानगीने लिहितो. दादा लूमवर होते, आता हिशेब पाहतात. कोणीतरी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या पत्त्यावर ते पहिल्यांदा गेले तर खोलीला कुलूप. सभेचा वार बदललेला होता. चिडून परत आले आणि त्या रात्री प्याले. दुसऱ्यांदा बरोबर दिवशी गेले, पण फाटकाशी ओळखीचा माणूस दिसला म्हणून मागे वळले. (तो ओळखीचा माणूसही सभेलाच आला होता, हे त्यांना चार महिन्यांनी कळले.) तिसऱ्या वेळी वहिनी म्हणाल्या, 'भाऊ, तुम्ही जा ना यांच्यासंगे. माझं ऐकत नाहीत.' म्हणून आम्ही सोबत गेलो. त्या दिवशी खुली सभा होती. खुल्या सभेला नातेवाईक किंवा सोबती बसू शकतो. बंद सभा फक्त पिणाऱ्यांसाठी असते.

पंधरा-सोळा माणसे, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास. वही नाही, नोंदणी नाही, आधार कार्ड कोणी मागत नाही. नाव सांगायचे तर पहिले सांगायचे, आडनाव विचारत नाहीत. फी नाही. शेवटी एक डबा फिरतो. ज्याला टाकायचे तो टाकतो, नवख्याला तर टाकू नका असेच सांगतात. एकेक जण उठून आपली हकीकत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, ओरडत नाही. एक हिंदीत बोलला, दोघे गुजरातीत, एक उडिया माणूस मोडक्यातोडक्या हिंदीत, आणि एक काका चक्क अहिराणीत. भाषा न कळणारेही मान हलवत होते. ज्याला न पिता एक वर्ष झाले त्याचा वाढदिवस करतात. त्या दिवशी साठीच्या एका गृहस्थांचा 'दुसरा' वाढदिवस होता. दादा तासभर एक शब्द बोलले नाहीत. निघताना त्या अहिराणी काकांनी आपला फोन नंबर दिला आणि सांगितले, प्यायची इच्छा झाली तर आधी फोन करायचा, पिऊन झाल्यावर नाही. ॲक्रनच्या हॉटेलातला तो टेलिफोन आणि मोरवडचे 'आप' असे दोन्ही एकदम आमच्या मनात आले.

एक सभा पुरेशी होत नाही. दादा मध्ये दोनदा घसरले, पुन्हा गेले, आणि सभेत कोणी तोंड वाकडे केले नाही. या सभांचा उपयोग होतो का, हे शास्त्रज्ञांनीही तपासले आहे. कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसे विचारात घेऊन केलेल्या पाहणीत असे निघाले की, पूर्णपणे न पिता राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडे नेणारे नीट आखलेले उपचार हे इतर प्रचलित मानसोपचारांहून सरस ठरतात. सगळ्यांनाच तेथे रुचते असे नाही. काहींना प्रार्थनेचा भाग पटत नाही. त्यांना आपल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावायची मोकळीक असते.

सुरतेतल्या सभांचे वार आणि जागा येथे छापत नाही, कारण त्या बदलतात आणि कुलूप पाहून परत येणारा माणूस पुन्हा सहसा जात नाही. आधी फोन करूनच निघावे. एएचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे, तेथून आपल्या भागातल्या समूहाचा ताजा पत्ता मिळतो. सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत क्रमांक १४४४६ आहे आणि मनाच्या तक्रारींसाठी १४४१६. दोन्हीकडे फोन केल्याने पोलीस घरी येत नाहीत, ही शंका आम्हाला अनेकांनी विचारली म्हणून लिहिले. मात्र जो रोज सकाळपासून पितो, ज्याचे हात थरथरतात, त्याने शपथ घेऊन एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत फिट येणे, भास होणे, जिवावर बेतणे असे होऊ शकते. त्याला प्रथम नवी सिव्हिल किंवा स्मीमेरच्या मानसोपचार विभागात दाखवावे आणि मग सभेला न्यावे. श्रावणाच्या पहिल्या दिवशी 'याला ताप भरला' म्हणून दवाखान्यात नेलेले लोक आम्ही पाहिले आहेत. तो ताप नव्हता.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात. १९५१ मध्ये बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी एका मैत्रिणीबरोबर त्या सुरू केल्या. नवरा जाईल की नाही याची वाट न पाहता बायको जाऊ शकते. वहिनी अजून गेलेल्या नाहीत. जवळपास तशी सभा नाही आणि संध्याकाळी दोन बस बदलून जाणे त्यांना जमत नाही.

त्यावरून एक विषय कार्यकारिणीपुढे लेखी मांडत आहोत. आपल्या मंडळाची मागची खोली विसर्जनानंतर नवरात्रापर्यंत आणि पुढे हळदीकुंकवापर्यंत बंद असते. आत सजावटीचे थर्माकोल आणि ढोल असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, ती अशा सभेसाठी द्यावी. आणि जमल्यास दुपारची एक वेळ बायकांच्या सभेसाठी. दाराबाहेर फलक लावायचा नाही आणि मंडळाच्या कोणीही आत डोकावायचे नाही, एवढे दोन नियम पुरेत. 'फुकट दिली तर उपकार होतील' असे एक सभासद म्हणाले. तसे होणार नाही. ही मंडळी बाहेरची देणगी घेत नाहीत, जागेचे भाडे स्वतःच्या डब्यातून देतात आणि फुकट दिली तर नको म्हणतात. तेव्हा भाडे किती घ्यायचे, विजेचा आकार धरून की वेगळा, आणि किल्ली कोणाकडे ठेवायची, एवढे कोजागिरीच्या सभेत ठरवावे.